पाहुणे धरून किती?

घागकाका कधीही 'खलास' म्हणत नसत. आता तुम्ही म्हणाल, यात काय विशेष? अहो, इथे टॅक्सीवाला खलास म्हणतो, भाजीवाला म्हणतो, बँकेतली बाई म्हणते, माझ्या मुलीची गणिताची टीचरसुद्धा म्हणते. काम झालं, खलास. पार्किंग मिळत नाही, खलास. मी तर सवयीने गावी फोनवरही बोलून जातो आणि आई तिकडून घाबरून विचारते, "अरे, कोण खलास झालं?" या देशात बत्तीस वर्षं काढलेल्या माणसाच्या तोंडात हा शब्द नाही म्हणजे नवलच. काम कितीही पुरं झालं तरी काका म्हणायचे, "बघू अजून एकदा." या 'बघू अजून एकदा'ने आम्हा सगळ्यांच्या डोक्याला शॉट दिला होता. आणि त्याच्यामुळेच मी आज हे लिहायला जिवंत आहे.

रघुनाथ घाग, मूळचे चिपळूणजवळचे. पाइपलाइनची कामं करणाऱ्या एका कंपनीत स्टोअरकीपर होते. कंपनीचं यार्ड आणि कामगारांचा कॅम्प शारजाच्या हद्दीत, पण शहरापासून चांगला तासभर आत, वाळवंटात. शारजा म्हटलं की तुम्हाला संध्याकाळचा ट्रॅफिक आठवेल. तिथे ट्रॅफिक असलाच तर उंटांचा. आजूबाजूला खजुराची शेतं, शेळ्यांचे गोठे, चार गोदामं आणि वाळू. आग लागली तर सिव्हिल डिफेन्सचा बंब पोचायला अर्धा तास तरी लागायचा. त्यांचा दोष नाही, रस्ताच तेवढा. पण त्या अर्ध्या तासाचं काय करायचं, हा प्रश्न काकांनी कोणी न सांगता अंगावर घेतला होता.

त्यांची आग विझवणारी टीम अकरा जणांची. वेल्डर, टेलर, मेसचा आचारी, दोन-तीन हेल्पर आणि पिकअप चालवणारा पेशावरकडचा धिप्पाड गुल खान. पिकअपवर पाण्याची पिवळी टाकी, पंप आणि गुंडाळलेला होजपाइप. सिव्हिल डिफेन्सच्या लोकांनी ट्रेनिंग दिलं, सर्टिफिकेटं दिली. कंपनीने टी-शर्ट दिले आणि वर्षातून एकदा बिर्याणी. पगार, भत्ता, ओव्हरटाइम काहीही नाही. दिवसभर उन्हात राबून आलेला माणूस संध्याकाळी पुन्हा होजपाइप उलगडायला का यायचा, हे मला बरेच दिवस कळलं नव्हतं.

आग विझवणारा माणूस म्हणून आपण जो डोळ्यांसमोर आणतो, त्यातलं काकांकडे एकही लक्षण नव्हतं. बुटके, पोट सुटलेलं, चष्म्याला दोरी, दुपारी जेवल्यावर हमखास डुलकी. चालताना त्यांचे ओठ हलत. नव्या माणसाला वाटे, देवभोळा माणूस आहे, जप करतोय. जप कसला! मोजत असायचे. पायऱ्या मोजायचे, खाटा मोजायच्या, मेसमधली ताटं मोजायची. आणि रोज संध्याकाळी कॅम्पच्या आठही खोल्यांवरून फेरी मारून दाराबाहेरच्या चपला मोजायच्या.

"रजिस्टरात कोणी काहीही लिहील," ते म्हणायचे. "चपला आत घालून कोण झोपतो?"

या चपलांमागे एक भानगड होती. कॅम्पमध्ये बाहेरच्या माणसाला झोपायला सक्त मनाई. पण व्हिजिट व्हिसावर नोकरी शोधत आलेला पोरगा, पैसे संपले की जाणार कुठे? गाववाल्याच्या खोलीत. दिवसा भटकायचं आणि अंधार पडला की गुपचूप आत शिरायचं. अशा माणसाला कॅम्पमध्ये सगळे 'गेस्ट' म्हणत. कॅम्प बॉसला कळलं तर गेस्ट रस्त्यावर आणि ज्याने ठेवला तो पुढच्या विमानाने घरी.

म्हणून काकांच्या फायर ड्रिलमध्ये एक प्रकार होता जो मी जगात दुसरीकडे कुठे पाहिला नाही. आता माझ्या दुबईतल्या जबल अलीच्या ऑफिसात दर तीन महिन्यांनी ड्रिल होतं, लोक कॉफी घेऊन खाली उतरतात, मोबाइल बघतात आणि वर जातात. काकांचं तसं नसे. हूटर वाजला की सगळे मैदानात. आधी रजिस्टरची हजेरी. मग टेलर दारांवरून फिरून मागे कोणाच्या चपला राहिल्या का ते सांगणार. दोन्ही ठीक निघालं की कॅम्प बॉस म्हणायचा, "खलास, चलो." आणि काका म्हणायचे, "बघू अजून एकदा."

मग ते सगळ्यांकडे पाठ करून उभे राहत. डावा हात मागे, तळवा उघडा. कॅम्प बॉसलाही पाठ करायला लावत. तो वैतागायचा, पण करायचा. एक नंबरच्या खोलीपासून ओळीने एकेक जण मागून जाणार आणि काकांच्या तळव्याला हात लावणार. प्रत्येकाने लावायचाच. ज्याचा गेस्ट आत आहे त्याने लावताना तळवा दाबायचा. बस. कुठल्या खोलीची पाळी चालू आहे ते काका मोजत असायचे, त्यामुळे खोली कळायची. माणूस कोण ते कळायचं नाही. शेवटी ते विचारत, "पाहुणे धरून किती?" आणि टीमने डोकी मोजून मोठ्याने आकडा सांगायचा.

लोक हसायचे. "काका का कबड्डी" असं नावही पडलं होतं. पण अठ्ठेचाळीस माणसं मिनिटभरात हात लावून मोकळी होतील इतकी त्यांनी ती घोटून घेतली होती.

मला त्या वेळी हे सगळं ठाऊक असायचं कारण नव्हतं. कारण मीच सहा नंबरच्या खोलीतला गेस्ट होतो.

अठरा वर्षं झाली त्याला. डिप्लोमा घेऊन व्हिजिटवर आलो होतो, दीड महिना वणवण करून झाली होती. माझ्या आळीतला संतोष तिथे फिटर होता, त्याने मला आत घेतलं. त्याच्या सूचना कडक. चपला बाहेर ठेवायच्या नाहीत, बॅगेत. कॅम्पमध्ये कोणाशी बोलायचं नाही. आणि सगळ्यात महत्त्वाची, "हूटर वाजला किंवा दार ठोकलं तर समज चेकिंग आलं. कडी लाव, खाटेखाली शीर आणि श्वाससुद्धा घेऊ नकोस."

तो शुक्रवार होता, सुट्टीची दुपार. उन्हाने पत्रे तापलेले. निम्मी माणसं मशिदीतून परत येत होती, निम्मी मेसमध्ये. सात नंबरात कोणीतरी चोरून हॉटप्लेटवर कालवण ठेवलं होतं आणि तो गडी बाहेर फोनवर बायकोशी भांडत होता. पोर्टा केबिनला पेटायला काय लागतं? भिंती प्लायच्या, पडदे नायलॉनचे.

हूटर वाजला. मी झोपेतून उठलो, संतोषचा हुकूम आठवला, कडी लावली आणि खाटेखाली शिरलो. बाहेर आरडाओरडा, धावाधाव. मला वाटलं, बाप रे, आज मोठं चेकिंग दिसतंय! हसू नका. डिप्लोमा होल्डर माणूस, धुराचा वास येतोय आणि मी बॅग पोटाशी धरून बॉस जायची वाट बघतोय. श्वास घेऊ नकोस, हे तर मला लवकरच अगदी मनापासून पाळावं लागलं.

मैदानात काय झालं ते मला संतोषने नंतर सांगितलं. हजेरी अठ्ठेचाळीस. मशिदीतून आलेलेही त्यात आले. दारांबाहेर एकही चप्पल उरलेली नाही. कॅम्प बॉस ओरडला, "खलास, सब बाहर है! पानी मारो!" गुल खानने पंप चालू केला. आणि काकांनी पाठ केली.

तुम्ही म्हणाल, संतोषने सरळ बोंब मारायची, आत माणूस आहे म्हणून! म्हणायला सोपं आहे. ज्याच्या एका व्हिसावर घरी पाच माणसं जेवतात त्याचा घसा अशा वेळी बंद होतो. संतोष आजही सांगतो, मी तोंड उघडलं होतं रे, आवाजच आला नाही. ओरडता आलं नाही, पण पाय सवयीने ओळीत गेले आणि हात सवयीने पुढे झाला. सहा नंबरची पाळी आली तेव्हा त्याने काकांची बोटं इतक्या जोरात दाबली की कडकड वाजली म्हणे.

काकांनी मागे वळून पाहिलं नाही. "सहा," एवढंच म्हणाले आणि ओला टॉवेल तोंडाला बांधून धावले.

दाराला आतून कडी. मीच लावलेली. सात नंबरची आग भिंतीपलीकडे, दाराची मूठ तापून निघालेली. ती त्यांनी डाव्या हाताने धरली आणि खांद्याने दार हाणलं. तिसऱ्या धक्क्याला कडी तुटली. मी खाटेखालून क्षीण आवाजात म्हणतोय, "सर, जा रहा हूं सर, बॅग ले के जा रहा हूं!" खाटेखाली एक चेहरा उलटा डोकावला. दोरीला लोंबणारा चष्मा, तोंडाला टॉवेल.

"पाहुणे, उठा," काका शुद्ध मराठीत म्हणाले. "चहा बाहेर आहे."

त्या धुरात, त्या रणधुमाळीत त्यांना हे सुचलं कसं, देव जाणे. मी पुढे विचारलं तेव्हा म्हणाले, "आग लागली म्हटलं असतं तर तुम्ही आणखी आत गेला असतात. माणूस कशाला लपलाय ते आधी बघायचं." मला त्यांनी काखेत हात घालून ओढत बाहेर आणलं. बंब आला तोवर दोन खोल्या जळाल्या होत्या, पण माणूस एकही नाही.

बाहेर कॅम्प बॉस लाल होऊन उभा. "ये किसका आदमी है?"

"मेरा गेस्ट है," काका म्हणाले.

"तुम्हारा रूम एक नंबर. ये छह नंबर में क्या करता था?"

"एक नंबर का एसी ठंडा नहीं करता," काकांनी ठोकून दिलं. "मैंने तुमको दो बार कंप्लेंट लिखाया है."

ते खरंही होतं. वॉर्निंग लेटर काकांच्या फाइलला लागलं आणि संतोषची नोकरी राहिली. काकांचा तळवा मात्र भाजून निघाला होता.

दवाखान्यात मला मास्क लावलेला, शेजारी काका हाताला बँडेज बांधून बसलेले. मला रडू आवरेना. म्हटलं, "काका, मी कडी लावली म्हणून तुमचा हात…"  तेव्हा त्यांनी एक गोष्ट सांगितली. पुन्हा आयुष्यात कधी सांगितली नाही.

ते नवे होते तेव्हा दुसऱ्या एका कंपनीच्या कॅम्पमध्ये अशीच आग लागली होती. रजिस्टर त्यांच्या हातात होतं. हजेरी घेतली, आकडा जुळला, आणि काका स्वतःच ओरडले होते, "खलास, सगळे आहेत!" दुसऱ्या दिवशी राख उपसताना तिथल्या आचाऱ्याचा मावसभाऊ सापडला. तीन दिवसांपूर्वीच आला होता. आचारी हजेरीत काकांच्या समोरच उभा होता, गप्प.

"त्याचं नाव काय ते मला दोन दिवसांनी कळलं," काका म्हणाले. "आचाऱ्याला मी कधी बोल लावला नाही. मी रजिस्टर धरून त्याच्याकडे बघत होतो ना. असं कोणी बघत असताना कोण बोलेल?"

म्हणून ती पाठ. आणि म्हणून तो एक शब्द त्यांच्या तोंडातून कायमचा गेला. आपल्या हयातीत आता एकही माणूस मोजणीबाहेर आत राहता कामा नये, एवढंच त्यांनी स्वतःशी ठरवलं होतं. बाकी टीम, टाकी, पंप, टी-शर्ट सगळं त्यासाठी.

मला पुढे महिन्याभरात जबल अलीला नोकरी लागली. लग्न झालं, मुलगी झाली, डिस्कव्हरी गार्डन्समध्ये घर घेतलं भाड्याने. पण काका मला कधीही नावाने हाक मारत नसत. "काय पाहुणे, कसं काय?" माझं खरं नाव सांगायला गेलो असतो तरी त्यांना आठवलं नसतं.

सुट्टीच्या दिवशी मी अधूनमधून कॅम्पवर जायचो. एकदा असाच गेलो तर शेजारच्या शेतावर गवताची गंजी पेटलेली आणि आमची पिवळी टाकी तिकडे धावलेली. गोठ्यातून शेळ्या बाहेर काढल्या. म्हातारा अरबी मालक मोजून हात वर करून म्हणाला, "सव्वीस! खलास, अल्हम्दुलिल्ला!" काकांनी गुल खानला विचारायला लावलं, "पिल्लं धरून?"  पिल्लं त्याने धरलीच नव्हती. दोन पिल्लं आत गव्हाणीखाली बसली होती. तेव्हापासून दर उन्हाळ्यात त्या शेतावरून काकांच्या नावे खजुराचं खोकं यायचं आणि त्यातलं अर्धं डिस्कव्हरी गार्डन्सला पोचायचं.

आमच्या घरी आले की पहिल्यांदा दारातल्या चपला मोजणार, मग आत येणार. एकदा नवरात्रात आले. बायकोने घट बसवले होते, अखंड दिवा लावला होता. कामाच्या दिवशी ती ऑफिसात, मी जबल अलीला, मुलगी शाळेत, आणि दिवा दिवसभर एकटा, वर पडदा. काकांनी तो बघितला आणि मी मनात म्हटलं, झालं. आता हे विझवा म्हणणार आणि माझी बायको त्यांना घराबाहेर काढणार. गेली कित्येक वर्षं तिचा दिवा नऊ दिवसांत विझला नव्हता.

काकांनी आधी हात जोडले. मग पडदा काढला, दिवा परातीत ठेवला, परातीत वाळू घातली. तरी समाधान होईना. "घरात किती वाजता कोण नसतं?" त्यांनी विचारलं. बायको म्हणाली, "काका, देवीच बघते." ते म्हणाले, "बघते ना. मी नुसता सोबतीला बसतो."

आणि खरंच, राहिलेले चार कामाचे दिवस त्यांनी रजा टाकली आणि आमच्या हॉलमध्ये दिव्यासमोर खुर्ची टाकून बसले. पेपर वाचत, मोजत, दुपारी आळीपाळीने एकेक डोळा मिटत. मुलगी शाळेतून आली आणि म्हणाली, "आजोबा, आर यू बेबीसिटिंग द दिवा?"

"येस," काका गंभीरपणे म्हणाले. "आग वाईट नसते बाळा. एकटी सोडली की वाईट."

"ओके. डू यू गेट पेड?"

"बिर्याणी," काका म्हणाले. नवरात्र संपल्यावर बायकोने ती त्यांना मनसोक्त खाऊ घातली.

या वर्षी त्यांचा व्हिसा संपला. वय झालं, कंपनीने आणखी वाढवून दिला नाही. कॅम्पही आता पक्क्या इमारतीत गेलाय. गेटवर चेहरा ओळखणारं मशीन आहे, नव्या सेफ्टी ऑफिसरच्या लॅपटॉपवर आत कोण, बाहेर कोण, सगळं दिसतं. भला पोरगा आहे तो, काकांचा मान ठेवतो. काकांनी ते मशीन चष्मा पुसून नीट बघितलं. "छान आहे," म्हणाले. "पाहुण्याचा चेहरा यात कुठून येणार?"

शेवटचे काही आठवडे त्यांना झोप नव्हती ती याच्याच काळजीने. त्यांच्यामागे मोजायला गुल खान तयार होता, पाठ करायला नाही. "पठान किसी को पीठ नहीं दिखाता," तो अडून बसला होता. एवढा मोठा माणूस, दाढी पांढरी झालेली, आणि लहान मुलासारखा हट्ट. काका रोज समजावत, रोज भांडत. शेवटच्या ड्रिलला मी मुद्दाम गेलो होतो. हजेरी झाली, मशीनचा आकडा जुळला. सगळे काकांकडे बघायला लागले. काका हलले नाहीत. खाली वाळूकडे बघत राहिले.

मग गुल खानने काहीतरी पुटपुटत त्या सगळ्या माणसांकडे पाठ फिरवली आणि डावा हात मागे केला. सेफ्टी ऑफिसरलाही खांद्याला धरून फिरवलं. माणसं ओळीने जायला लागली. तीन नंबरच्या खोलीची पाळी चालू असताना गुल खानचे कान टवकारले. "तीन," तो म्हणाला. आत खरंच कोणाचा तरी भाचा होता. त्याला चहा पाजला. सेफ्टी ऑफिसरने लॅपटॉप बंद केला आणि कोणाचा भाचा ते विचारलं नाही. काकांनी चष्मा काढून डोळे पुसले ते मी पाहिलं.

विमान दुपारचं होतं. एअरपोर्टवर आम्ही सात जण, गुल खान, संतोष, टेलर, आचारी, आणि आम्ही तिघं. काकांच्या ट्रॉलीवर दोन बॅगा आणि खजुराचं खोकं. पाया पडू दिलं नाही त्यांनी.  काका दाराशी गेले, थांबले, आणि आमच्याकडे पाठ करून डावा हात मागे केला. तळवा उघडा.

आम्हाला सांगावं लागलं नाही. गुल खान पुढे झाला, मग संतोष, टेलर, आचारी. "बाबा, व्हॉट डू आय डू?" मुलीने विचारलं. मी म्हटलं, "नुसता हात लाव. दाबू नको." तिने लावला, तिच्या आईने लावला. शेवटी मी. भाजलेल्या जागेची कातडी अजून गुळगुळीत आहे, माझ्या कडीची खूण. मला तो हात दाबावासा वाटत होता, फार वाटत होतं. पण दाबला असता तर तो माणूस विमान सोडून परत आला असता. मी नुसता तळव्याला तळवा लावला आणि बाजूला झालो.

"पाहुणे धरून किती?" त्यांनी न वळता विचारलं.

"सात," आम्ही म्हणालो.

"सगळे बाहेर?"

"सब बाहर, काका," गुल खान म्हणाला. 

 काकांचे ओठ हलत होते, बहुधा पुन्हा एकदा मोजत असावेत.

"खलास," ते म्हणाले, आणि ट्रॉली ढकलत आत गेले.